भाडेपावती शेवटची कधी मिळाली?

पागडीच्या घरात राहणाऱ्या सगळ्यांना विनंती. भाडेपावत्यांची पिशवी आज कपाटातून बाहेर काढा आणि शेवटची पावती कुठल्या महिन्याची आहे ते बघा.

आमच्या गिरगावातल्या चाळीत आठ महिने झाले, पावतीच मिळत नाहीये. पूर्वी मालकांचे मेहताजी दर महिन्याला यायचे. आता इमारत बिल्डरने घेतलीय. भाडं द्यायला गेलं की त्याचा माणूस म्हणतो, "साहेब नाहीत, नंतर या." खोलीचं भाडं २१२ रुपये. काही जणांना वाटतं, बरंय, तेवढेच वाचले! पण मेख तिथेच आहे. भाडं साचू द्यायचं आणि मग थकबाकीदार म्हणून स्मॉल कॉजेस कोर्टात खेचायचं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याबाबत स्पष्ट आहे. कलम १५ प्रमाणे, जो भाडं देतो किंवा द्यायला तयार आहे, त्याला थकबाकीच्या नावाखाली बाहेर काढता येत नाही. मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं, मगच दावा. दावा झालाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के व्याजासह कोर्टात भरता येतं. आणि भाडं घेतलं की पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, ती काही मेहेरबानी नाही.

पण "मी द्यायला तयार होतो" हे दाखवायचं कुणी? आपणच. म्हणून चेक स्पीड पोस्टने पाठवा. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा.

मालकांची बाजू मला कळते. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, आताही वाढ वर्षाला ४ टक्केच. दोनशे रुपयांत जिना दुरुस्त होत नाही, मान्य. पण आमच्या आजोबांनी खोली घेताना पागडी मोजली होती, ती काय फुकट? दुरुस्ती उपकर आम्हीच भरतो. खोली विकली तर मालक साधारण तिसरा हिस्सा घेतो. हे सगळं विसरून "फुकटे भाडेकरू" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आणखी एक. पावती अजून वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर आत्ताच हालचाल करा. मूळ भाडेकरू गेला तेव्हा त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेहक्क मिळतो, पण रेशनकार्ड, लाईट बिल असे पुरावे लागतात. शेजारच्या काकूंकडे नावबदलासाठी पाच लाख मागितले. पुनर्विकासात ३३(७)खाली किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, पण पात्र कोण हे ठरवताना म्हाडा आधी पावतीवरचं नाव बघते. आठ महिने पावत्या का थांबल्यात, आता समजलं ना?

या महिन्यात आमच्या एकवीस खोल्यांनी एकाच दिवशी चेक पाठवले. चौदा पाकिटं परत आलीत. सगळी न फोडता एका ट्रंकेत ठेवलीत, उरलेल्या सातांची वाट बघतोय.

तुमच्या चाळीत पावती कधीपासून बंद आहे? कमेंटमध्ये महिना लिहा. मालकाचं नाव नको.