सिस्ट काढली, पाळी राहिली

चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या सोनोग्राफीत पुन्हा सिस्ट दिसली की आधी डॉक्टरवर संशय घेतला जातो आणि मग तिच्या खाण्यापिण्यावर. ऑपरेशननंतर सिस्ट परत आलेल्यांपैकी मी एक आहे, आणि मला हे दोन्ही संशय अस्थानी वाटतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार ऑपरेशननंतर दोन वर्षांत सुमारे २१.५ टक्के, तर पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांमध्ये एंडोमेट्रिओसिस (ज्यातून ही सिस्ट होते तो रोग) पुन्हा उद्भवतो. जवळपास निम्म्या जणींच्या बाबतीत जे घडतं त्याला अपवाद म्हणता येत नाही, ती या रोगाची रीतच आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयात रुजते, तिथलं रक्त साठून जुनं झालं की चॉकलेटसारखं गडद होतं. सर्जन सिस्टचं आवरण सोलून काढतो (नुसता द्रव ओढून घेतला तर ती लवकर भरते, म्हणून तंत्राला महत्त्व आहेच), पण अंडाशय जागेवरच असतं. दर महिन्याला स्त्रीबीज सुटत राहतं आणि पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जाणंही थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की ऑपरेशननंतर काय करायचं हे ऑपरेशनच्या आधी ठरलं पाहिजे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत ऑपरेशननंतर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले होते. दोन वर्षांनी गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्यांपैकी २९ टक्के जणींमध्ये सिस्ट परत आली होती. दर महिन्याला खंड पाडून गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण १४.७ टक्के होतं आणि सलग घेणाऱ्यांत ८.२. युरोपीय तज्ज्ञांची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही, लगेच मूल नको असेल तर, दीर्घकाळ हॉर्मोन उपचार सुचवतात. यावर हमखास आक्षेप येतो, की गोळ्या थांबवल्या की सिस्ट येणारच, मग शरीरात औषध कशाला भरायचं? पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. गोळ्या रोग बरा करत नाहीत, दाबून ठेवतात. पण ब्लडप्रेशरची गोळी थांबवल्यावर प्रेशर वाढलं तर आपण गोळीला निकामी म्हणत नाही. दुष्परिणामांचा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास किंवा दृष्टीवर परिणाम करणारी मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळाव्या लागतात. डायनोजेस्ट या दुसऱ्या हॉर्मोनच्या गोळीने अवेळी रक्तस्राव होतो, काहींचं मन खचतं. हे सगळं तोलूनच निवड करायची असते.

'पुन्हा आली तर पुन्हा काढू' हा सल्ला मात्र ऐकायला जितका सोपा तितका महाग. सिस्ट सोलताना निरोगी अंडाशयाचाही थर जातो, स्त्रीबीजांचा साठा दाखवणारं एएमएच घसरतं, आणि त्याच अंडाशयावर दुसऱ्यांदा सुरी चालली तर उरलेला साठा आणखी कमी होतो. 'गर्भपिशवीच काढून टाका' म्हणणाऱ्यांना रोग पिशवीबाहेर आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. 'मूल झालं की बरं होईल' हेही तसंच: गर्भारपणात पाळी थांबते, नंतर ती सुरू होतेच. डिस्चार्ज कार्डावर टाके कधी दाखवायचे हे न चुकता लिहितात. मूल कधी हवं आहे हे विचारून त्याखाली हॉर्मोनचं औषध कोणतं आणि किती महिने, एवढं लिहायला एक ओळ पुरते.