चाकांवरचं बिऱ्हाड

गेल्या जानेवारीत बहिणीकडे फिनिक्सला गेले होते. तिथून पश्चिमेला दोनेक तासांवर ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती अडीच हजारही भरली नाही. थंडीत मात्र गावाभोवती मोटारघरांचं शहरच वसतं.

उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळून आलेली ही निवृत्त मंडळी स्वतःला ‘स्नोबर्ड’ म्हणवतात. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल सरकारी जमिनीवर परवाना काढून राहता येतं. जागेवर ना वीज, ना नळ. वीज छतावरच्या सौरपट्ट्यांची, पाणी टाकीत भरून आणलेलं.

कॅनडाहून आलेल्या एका जोडप्यानं आम्हाला चहाला बोलावलं. आजींचा पहिला प्रश्न, “जेवलात का?” मला आमच्या शेजारच्या अक्कांचं ‘ऊटा आयता?’ आठवलं. आजोबांची नजर अधू झालेली. त्यामुळे त्या वर्षी प्रथमच आजींनी एवढी मोठी गाडी हाकत आणली होती.

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना. पण घरीच राहिलो असतो, तर यांनी खिडकी धरली असती.”

मी गप्प झाले. बेळगावात माझ्या बाबांनी स्कूटर सोडल्यापासून खिडकीच धरली होती.

परतल्यावर आईला ही गोष्ट सांगितली. ती काहीच बोलली नाही. या थंडीत मात्र दोघं आठवडाभर कारवारला राहून आले. बसची तिकिटं, आयुष्यात पहिल्यांदाच, आईनं काढली.