वैशाखातला पाऊस

कानात पाऊस सुरू झाला आणि मी अंगणातले कपडे काढायला उठलो. बाहेर पुलगावचा वैशाख, रात्री अकरालाही भिंती धगधगत होत्या. पाऊस इअरफोनमध्ये होता. त्यामागून घंटा, गडगडाट, आणि मग गिटारचे तीन स्वर, असे जड की मी दारातच थांबलो.

सुट्टीला आलेल्या मुलानं लावून दिलेला हा अल्बम १९७० चा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. 'ब्लॅक सॅबथ' हे बँडचं नाव, अल्बमचं तेच, पहिल्या गाण्याचंही तेच. हेवी मेटलचा उगम बरेच जण इथंच धरतात. पन्नाशी उलटेपर्यंत मी या संगीताला न ऐकताच गोंगाट म्हणत आलो, याचं वाईट वाटतं.

सकाळी पेटीवर ते स्वर शोधले. षड्ज, वरचा षड्ज, तीव्र मध्यम. एवढेच! यमनातला तीव्र मध्यम आयुष्यभर ऐकला, पण तिथं त्याला गांधार-पंचमाचा शेजार असतो. इथं तो एकटा थरथरत राहतो. पंचमाची वाट पाहावी, तर पंचम येत नाही.

मग मुलानं गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा हा पोरगा, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांवर सारी सुरावट वाजवणारा तो वादक! मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या घेतल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्याच तारा काही गाण्यांसाठी तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. पुढे त्यांच्या आवाजातला जडपणा आणखी वाढला, त्याच्या मुळाशी दुखऱ्या बोटांची ही सोय आहे.

माझे बाबा इथल्या कापडगिरणीत साचेखात्यात होते. तिथं मागांच्या आवाजात शब्द ऐकू येत नसत, माणसं ओठ वाचत. घरीही बाबा मोठ्यानं बोलत, आणि चालू पंख्यावर, शेवयांच्या यंत्रावर सवयीनं तळहात ठेवत. बिघाड त्यांना हाताला आधी कळे. लहानपणी गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलो की तो आवाज माझ्या पायांतून वर चढायचा. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, आर्वीला जाणारी छोटी रेल्वेगाडीही गेली. मी मात्र गाण्यात कायम त्या आवाजापासून सुटका शोधत राहिलो. आणि तिकडे बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतली या बँडची चार पोरं १९६९ च्या ऑक्टोबरात एका दिवसात, एका लांबलेल्या पाळीत, हा अल्बम ध्वनिमुद्रित करून तसाच आवाज गाण्यात घेऊन आली होती.

मुलगा पुण्याला परत गेला. जाताना छोटा स्पीकर ठेवून गेला. रात्री मी तो बाबांच्या लोखंडी ट्रंकेवर ठेवतो, पाऊस सुरू होतो, आणि ट्रंकेवर तळहात टेकवून मी त्या तीन स्वरांची वाट पाहतो.