तिकिटांची वही

धर्मगुरूच्या आयुष्यात बदली ही ऋतूसारखी असते. पाच-सहा वर्षे झाली की महागुरूंचे पत्र येते आणि आवराआवर सुरू होते. खुर्ची, टेबल, पलंग आपले कधीच नसतात. पुस्तकेही बहुधा धर्मग्रामाची असतात. नेण्यासारखे जे उरते ते दोन पेट्यांत मावते. अशा जगण्यात वस्तूंवर जीव जडायला फारशी सवडच मिळत नाही.

प्रापंचिक माणसाचे तसे नसते. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेले शहर. इथल्या भांडी बाजारात एखाद्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहावे. नवी भांडी घ्यायला माणसे येतात, तशी जुनी मोडीत घालायलाही येतात. हंडा, घंगाळ, परात, तांब्या, एकामागून एक तराजूवर चढतात. दुकानदार सांगतो तो भाव किलोचा. हंड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत नाव कोरलेले असते. कुणी, कुणाला, कोणत्या साली दिला याची ती नोंद. तराजूत त्या नावाचेही वजन होते, पण त्याला वेगळा भाव नाही. पैसे हाती पडल्यावरही काही बाया लगेच पायरी उतरत नाहीत, हे मी पाहिले आहे. आपला हंडा आतल्या ढिगावर पडल्याचा आवाज कानी येईपर्यंत त्या घुटमळतात.

माझ्याकडे अशी एकच वस्तू आहे, आणि तीही दोन वर्षांपूर्वी परत आलेली. माझी थोरली बहीण, आक्का, देवाघरी गेली. संगमनेर तालुक्यातले तिचे पत्र्याचे घर पाडून तिथे स्लॅबचे घर बांधायचे ठरले. भाच्याने सामान बाहेर काढले आणि एका संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. "मामा, आईच्या पेटीच्या तळाशी होतं. भंगारात द्यायचं का? तुमचं नाव आहे वर, म्हणून विचारायला आलो."

ती माझी टपाल तिकिटांची वही होती.

या वहीची सुरुवात बोर्डिंगात झाली. त्या काळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जर्मन आणि स्विस येशूसंघीयांनी मिशनकार्य केले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मी बोर्डिंगात होतो तेव्हा, १९८० च्या सुमारास, त्यांतले एक वृद्ध स्विस फादर अजून आमच्याकडे होते. आम्ही त्यांना मोठे फादर म्हणत असू. त्यांना मायदेशाहून पत्र आले की ते पाकिटाचा कोपरा फाडत. तिकिटाभोवती बोटाच्या पेराएवढा कागद राखून, अगदी सावकाश. पुढे कळले, की ही युरोपातल्या धर्मग्रामांची जुनी रीत आहे. वापरलेली तिकिटे अशीच समास राखून कापायची, गोळा करायची आणि मिशनच्या मदतीसाठी विकायची. तीही किलोवरच जातात! मोठे फादर मात्र आमच्यासाठी काही कोपरे बाजूला ठेवत. त्या तिकिटांवर देशाचे नाव 'हेल्व्हेशिया' असे लॅटिनमध्ये छापलेले असे. मराठी चौथी-पाचवीतल्या मुलाला लॅटिन भाषेची पहिली ओळख झाली ती अशी. इंग्लंडच्या तिकिटावर देशाचे नाव नसते, तेव्हा राणीचा मुखवटा असला की पुरे होई. हंगेरीवाले स्वतःला 'मग्यार' म्हणवतात. अशा किती गोष्टी मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या वहीने सांगितल्या. आपल्या देशाची तिकिटे तर रोजच्या ओळखीची होती: अंड्यातून बाहेर पडणारे पिलू पंचवीस पैशांना, लहानसे कुटुंब पस्तीस पैशांना, कापसाचे बोंड एक रुपयाला. दोन रुपयांच्या तिकिटावर हातमाग होता. ते वहीत येण्यासाठी मला बरीच वाट पाहावी लागली, कारण इतक्या किमतीचे पत्र आम्हां गरिबांना धाडणार कोण?

१९८८ साली सेमिनरीत गेलो तेव्हा एका पेटीत मावेल तेवढेच न्यायचे होते. वही आक्काकडे दिली. त्याचे मला दुःख झाल्याचे आठवत नाही. अठराव्या वर्षी माणूस पुढे पाहत असतो.

आणि आता पस्तीसहून अधिक वर्षांनी ती टेबलावर होती. पुठ्ठ्याला वाळवीने थोडा प्रसाद लावला होता, पण पाने शाबूत होती. त्या रात्री मी झोपण्यापूर्वी दहा मिनिटे ती चाळणार होतो. घड्याळात पाहिले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पुढच्या आठवड्यात मी शालिमारजवळच्या दुकानातून एक भिंग आणि बोथट टोकांचा चिमटा घेऊन आलो. दुकानदाराने विचारले, "फादर, घड्याळ दुरुस्त करता काय?"

हा छंद बाहेरून पाहणाऱ्याला पोरकट वाटतो, याची मला कल्पना आहे. पण बोटांना त्याची ओढ असते. कोमट पाण्याच्या ताटलीत पाकिटाचा कोपरा उलटा सोडावा. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या ताटलीत, नाहीतर त्याचा रंग उतरून शेजारचे तिकीट बिघडते. पाच-दहा मिनिटांनी गोंद सुटतो आणि तिकीट आपणहून कागदापासून विलग होते. ओढायचे मुळीच नाही. ओढले की फाटते. मग टिपकागदावर पालथे वाळवायचे, सुकले की जाड ग्रंथाखाली दाबायचे. माझ्याकडे जाड ग्रंथांची वाण नाही. सेमिनरीतली ईशशास्त्राची पुस्तके या कामी फार उपयोगी पडली. वहीत लावताना तिकिटाला थेट गोंद लावत नाहीत. हिंज नावाचा पातळ कागदाचा लहानसा तुकडा असतो, त्यावर ते टेकवतात, म्हणजे पुढे पानाला वा तिकिटाला इजा न होता काढता येते. कडेची छिद्रे दोन सेंटिमीटरमध्ये किती, हे मोजायची पट्टीही मिळते. त्या हिशेबावरून एकाच चित्राच्या दोन वेगळ्या छपाया ओळखता येतात. लहानपणी मला यांतले काही ठाऊक नव्हते, पण पाण्यातून तिकीट सुटताना वाटणारा आनंद तोच आहे. दिवसभर माणसांची भांडणे, प्रवेशासाठीच्या चिठ्ठ्या, गळके छप्पर आणि कंत्राटदाराची टाळाटाळ यांत गेलेले मन त्या ताटलीपाशी स्थिर होते. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, अनुभव म्हणून सांगतो.

आणि नाशिककराने हा छंद धरावा यात एक औचित्यही आहे. १८५५ पासून सुमारे सत्तर वर्षे आपली तिकिटे लंडनची डे ला रू कंपनी छापत असे. १९२५ साली नाशिकरोडला सरकारी मुद्रणालय उभे राहिले आणि १९२६ पासून ती येथे छापली जाऊ लागली. राजाच्या मुखवट्याची तिकिटे इथली, आणि २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, साडेतीन आण्यांचे, तिरंग्याचे आणि 'जय हिंद' लिहिलेले, तेही इथलेच. गांधीजींची १९४८ ची तिकिटे मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली होती. स्वदेशीसाठी आयुष्य वेचणाऱ्याची तिकिटे परदेशातून यावीत, हे मला अजून खटकते. पण ती सुंदर आहेत, हेही कबूल केले पाहिजे.

नाशिकरोड परिसरातील आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पस्तीस वर्षे या प्रेसमध्ये नोकरी केली. त्यांचे वडीलही तिथेच होते. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. मला वाटले, यांच्या घरी तिकिटांचा खजिना असेल. एकही नव्हते. "फादर, तिथून बाहेर पडताना झडती असायची. कागदाचा कपटा बाहेर न्यायची सोय नव्हती," ते म्हणाले, "आणि दिवसभर तेच पाहिल्यावर घरी कशाला आणायचं?" मग ते आत गेले आणि एक ऍल्युमिनियमचा चेपलेला डबा घेऊन आले. प्रेसमध्ये नेत असत तो. सुनेला तो स्वयंपाकघरात नको आहे, म्हणून आता त्यात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. "पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी हा दारावर उघडून दाखवला. रिकामा आहे, एवढंच दाखवायला." डब्याचे झाकण त्यांनी दोनदा उघडून मिटले. त्यांच्या सुनेला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. तिच्या दृष्टीने तो चेपलेला डबाच आहे.

माझ्या वहीत १९६४ चे, पंधरा पैशांचे संत थोमाचे तिकीट आहे. पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय पवित्र साक्रामेंत परिषदेसाठी मुंबईला आले, त्याच दिवशी, २ डिसेंबरला ते प्रसिद्ध झाले. मोठ्या फादरांनी जपून ठेवलेल्या एका पाकिटावरून ते माझ्याकडे आले. भिंगातून ते बराच वेळ पाहून हे गृहस्थ म्हणाले, "तेव्हा वडील होते कामावर. त्यांच्या हातून गेलं असेल." त्यांनी तिकिटाला बोट लावले नाही.

आमच्या प्रशिक्षणात अनासक्तीचे धडे असत. असिसीच्या संत फ्रान्सिसविषयी त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस एक प्रसंग सांगतात. एका उपवासकाळात फावल्या वेळी फ्रान्सिसने एक लहानसे भांडे हाताने तयार केले. प्रार्थनेच्या वेळी त्यांची नजर त्या भांड्यावर गेली आणि मन विचलित झाले. प्रार्थना संपताच त्यांनी ते भांडे जाळून टाकले. सेमिनरीत ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती फार थोर वाटली होती. आजही वाटते. पण एक प्रश्न आता मनात येतो: ते भांडे त्यांनी स्वतःच केले होते. दुसऱ्या कुणी आयुष्यभर सांभाळून त्यांच्या हाती दिलेले असते, तर त्यांनी काय केले असते?

पुण्याला शिकत असताना बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मी दोन-तीनदा पाहिले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. त्यांनी दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुलुपे, वाद्ये, कोरीव दरवाजे असे जे जे घराघरांतून मोडीत निघत होते ते गावोगाव हिंडून गोळा केले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी त्याचेच नाव दिले. १९७५ साली सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे वीस हजारांवर वस्तू आहेत. त्या वयात मी ते दालन कुतूहलाने पाहत फिरलो. आता वाटते, मुलाचे नाव दारावर लावून इतरांच्या घरच्या समया जपणाऱ्या त्या गृहस्थांना आसक्त म्हणावे की विरक्त? सगळे जपले, आणि सगळेच देऊन टाकले.

असो. वहीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. माझी पाने संपतात तिथे वही संपत नाही. त्यापुढची चौदा पाने आक्काने भरली आहेत. मी सेमिनरीतून आणि पुढे निरनिराळ्या धर्मग्रामांतून तिला पत्रे लिहिली, त्यांवरची तिकिटे तिने कापून चिकटवली. तिला संग्रहाचे नियम ठाऊक नव्हते. पोस्टकार्डावर छापलेला वाघ, अंतर्देशीय पत्रावरचा मोर, हेही तिने कात्रीने चौकोनी कापून लावले. तिच्या लेखी तिकीट ते तिकीट. चिकटवायला घरची खळ वापरली आहे. टपाल खात्याचा शिक्का मात्र तिने कुठेही तोडलेला नाही. त्यामुळे तारखा वाचता येतात. पहिल्या काही वर्षांची पाने गच्च आहेत. मग विरळ होत जातात. शेवटचा शिक्का २००४ चा आहे. त्यानंतर तिच्याकडे मोबाईल आला आणि दर रविवारी दुपारी आम्ही फोनवर बोलू लागलो. पत्रांपेक्षा पुष्कळ अधिक बोललो. त्या वीस वर्षांच्या रविवारांचे काही वहीत नाही.

टपालाचे जगही तेव्हापासून किती बदलले! तार २०१३ साली बंद झाली. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. पाकिटावर आता तिकिटाऐवजी पट्ट्यापट्ट्यांची चिठ्ठी असते. मी लग्नपत्रिका आणि मठांतून येणारी नाताळची शुभेच्छापत्रे चाळत बसतो. वर्षाकाठी वीस-पंचवीस तिकिटे मिळतात. नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयातून नवी तिकिटे घेता येतात, पण न वापरलेल्या तिकिटात मला गोडी वाटत नाही. त्याने कुठला प्रवास केलेला नसतो.

मुंबईहून आलेल्या एका जाणकार संग्राहकाला मी ती चौदा पाने दाखवली. त्यांनी सद्भावनेने सल्ला दिला, की खळ पाण्यात सुटेल. दोन-चार तिकिटे बरी आहेत, ती सोडवून नीट हिंजवर लावावीत, आणि कापलेले वाघ-मोर काढून टाकावेत, त्यांना किंमत नाही. सल्ला बरोबर होता. मी मान डोलावली आणि त्यांना चहा दिला.

चौदा पाने आहेत तशीच आहेत. पंधराव्या पानापासून मी सुरुवात केली आहे. तिथे पहिले तिकीट भाच्याने पाठवलेल्या पाकिटावरचे आहे. घराची वास्तू आशीर्वादित करायला या, असे त्याने लिहिले होते. फोन केला असता तरी चालले असते. पाकिटावर त्याने तिकीट जरा तिरपे लावले आहे आणि शिक्का संगमनेरचा, ठळक उमटला आहे.