वर मीच रागावले!

वस्तू मळली की धुवायची, ही आपली सवयच. मुलीचे चाकांचे स्केट्स चिखलाने माखलेले दिसले, तसे मी ते साबणाच्या पाण्यात बुडवून चांगले घासले. पुढच्या आठवड्यात ती सिमेंटच्या अंगणात आपटली, हनुवटी फुटली. ‘धड उभं राहता येत नाही?’ म्हणून वर मीच रागावले!

नारायणगावच्या सायकलवाल्या काकांनी चाक बोटाने फिरवले. ते करकरून थांबले. ‘‘बाई, बेअरिंगात पाणी गेलंय. छर्रे गंजले.’’ जेमतेम २२ मिलिमीटरचे ते बेअरिंग, पण सगळा तोल त्याच्यावर!

आता चाके मी कोरड्या फडक्यानेच पुसते. बेअरिंग काका साफ करून देतात, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. जास्त झाले तर धूळ चिकटते. चाके आतल्या बाजूने लवकर झिजतात, म्हणून अधूनमधून डाव्या-उजव्या पायांची अदलाबदल करते. कॅनडातल्या माझ्या नणंदेकडे बर्फावरचे स्केट्स आहेत. त्यांना चाकांऐवजी पोलादी पाते, पण तेही ती खेळून आल्या-आल्या पुसून कोरडे करते. गंज तिथेही सुटत नाही.

मुलीची माफी मागितली, पण दोन दिवस उशिराच. हल्ली पट्टे बांधण्याआधी ती प्रत्येक चाक कानाशी धरून फिरवते. मी ‘बघू’ म्हटले तरी देत नाही.