छत्तीस आणि त्रेसष्ट

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं आम्ही पुन्हां दुसरीच्या वर्गांत बसूं लागलों आहों, असें सांगितलें कीं आमचे स्नेही प्रथम हंसतात आणि मग आमच्या प्रकृतीची चौकशी करतात. प्रकृति उत्तम आहे. गोष्ट एवढीच घडली कीं, सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवीं जिल्हा परिषदेची जी शाळा आहे तिला खोल्या दोन, शिक्षक दोन आणि इयत्ता चार. त्यामुळें पहिली व दुसरी हे दोन्ही वर्ग एकाच खोलींत, एकाच बाईंना, एकाच वेळीं सांभाळावे लागतात. शाळेच्या कुंपणाला लागूनच आमचें घर. ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेला पेन्शनर रोज पाहून बाईंना एक दिवस कल्पना सुचली. "काका, मी पहिलीला अक्षरं गिरवायला बसवते, तेवढा वेळ दर मंगळवारीं तुम्ही दुसरीचे अंक घ्याल का? तुमचा जन्म आकड्यांतच गेलाय!" चौतीस वर्षें बँकेंत खतावण्या लिहिलेल्या माणसाला ही पृच्छा म्हणजे हलवायाला साखर ओळखतां येते का असें विचारण्यासारखी वाटली. आम्हीं तत्काळ होकार दिला.

सकाळीं परिपाठ होतो. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग पाढे. पाढ्यांचा सूर अगदीं आमच्या लहानपणचाच आहे; रस्त्यानें जाणाऱ्याला शब्द कळले नाहींत तरी कितवा पाढा चालला आहे तें नुसत्या चालीवरून सांगतां यावें. वर्गांत पाऊल टाकलें कीं मात्र सगळें नवें. भिंतीवर शंभर अंकांचा तक्ता, दहा लाल व दहा पांढरे अशा क्रमानें ओवलेली शंभर मण्यांची माळ, दहा-दहा काड्यांचे रबरानें बांधलेले गठ्ठे, सुट्या काड्या, चिंचोके, बाटल्यांचीं झांकणें, खेळांतल्या नोटा. मुलें जमिनीवर घोळक्यानें बसतात, मोजतात, भांडतात आणि पुन्हां मोजतात. आम्ही १९५७ सालीं बिगरींत बसलों तेव्हां शिकविण्याचें साहित्य म्हणून वर्गांत एकच वस्तु होती, आणि ती गुरुजींच्या हातांत असे. त्याच वर्षीं १ एप्रिलला सरकारनें सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा केला. परंतु ही वार्ता आमच्या गुरुजींपर्यंत पोंचली नसावी. कारण पुढें तीन वर्षें त्यांनीं आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धां घोकून घेतली. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा आम्हांला जन्मांत एकदांही उपयोगी पडला नाहीं. आणि तरी तो झोपेंतही म्हणतां येतो. आमचें कुटुंब सांगतें त्यावरून, कधीं कधीं म्हणतोंही.

पहिले दोन मंगळवार सुखांत गेले. तिसऱ्या मंगळवारीं दुकानाचा खेळ मांडला होता. दहा-दहाच्या कागदी नोटा आणि एक-एक रुपयाचीं पुठ्ठ्याचीं नाणीं. सात वर्षांची एक मुलगी दुकानदार झाली होती. तेलकट वेण्या आणि मोठी करारी नजर; खऱ्या दुकानांत तिनें उधारी केव्हांच बंद केली असती. गिऱ्हाइकाला त्रेसष्ट रुपये द्यायचे होते. तिनें सहा नोटा मोजल्या, त्यांवर तीन नाणीं ठेवलीं आणि गठ्ठा पुढें सरकविला. एका क्षणाचा विलंब नाहीं. आम्हीं मनांत तिला शाबासकी दिली. खेळ संपल्यावर अंकांचें श्रुतलेखन घेतलें. आम्हीं खणखणीत आवाजांत म्हटलें, "त्रेसष्ट." तिनें पाटीवर लिहिलें ३६.

प्रथम वाटलें, घाई झाली असेल. पुन्हां म्हटलें, पुन्हां ३६. पुढें "सत्तेचाळीस" म्हटलें; ७४. "अग, उलटं लिहितेस तूं!" आम्ही जरा चढ्या सुरांत बोललों. तिनें पाटीकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें आणि चूक आमचीच असल्याप्रमाणें शांतपणें सांगितलें, "आजोबा, तुम्हींच आधीं तीन म्हणालात. मग सहा."

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालों. पोर बोलली त्यांत एक अक्षरही खोटें नव्हतें. त्रेसष्ट ह्या शब्दांत तीन आधीं येतात आणि साठ मागून. लिहावयाचें मात्र सहा आधीं. कान उजवीकडून ऐकतो आणि पेन्सिल डावीकडून चालते. आणि ह्या दोहोंची गांठ घालून देण्याचें काम आपण सात वर्षांच्या डोक्यावर सोंपवितों. त्यांतही शब्द सरळ असते तर गोष्ट वेगळी. तीनाचें कोठें 'ते' होतें, कोठें 'त्रे', कोठें 'त्र्या'. साठाचा 'सष्ट' होतो, ऐंशीचा 'य्यांशी'. आणि प्रत्येक दशकाच्या शेवटीं दबा धरून बसलेला तो 'एकोण'! एकोणतीस ह्या शब्दांत नऊही नाहीं आणि वीसही नाहीं. आहेत ते एक आणि तीस, आणि मध्यें एक उणें करण्याची संस्कृत खूण. ती ज्याला ठाऊक नाहीं त्या मुलानें ३१ लिहिलें तर त्याला मठ्ठ म्हणावें कीं प्रामाणिक? बरें, हा नियम शेवटपर्यंत पाळला आहे म्हणावें, तर एकोणनव्वदपर्यंत इमानानें चालत येऊन नव्याण्णवला तो पळून जातो.

आमच्या बेळगांवच्या शाखेंत एक कानडी स्नेही होते. त्यांच्या भाषेंत त्रेसष्टला 'अरवत्तमूरु' म्हणतात, म्हणजे साठ-तीन. ते म्हणत, "तुम्हां मराठी लोकांना आकडा सांगायचा म्हणजे कोट उलटा घालण्यासारखं आहे, आधीं अस्तर, मग कापड." आम्हांला तेव्हां राग येत असे. नॉर्वे देशाच्या लोकांनाही पूर्वीं असाच उलटा कोट घालण्याची सवय होती. टेलिफोनचे नंबर सांगतांना घोटाळे होऊं लागले, तेव्हां १९५१ सालीं त्यांनीं सरकारी रीतीनें दशक आधीं म्हणण्याची पद्धत सुरू केली. जुनी रीत तेवढ्यानें मेली नाहीं. म्हातारीं माणसें ती कित्येक वर्षें चालवीत राहिलीं. म्हातारीं माणसें सगळीकडे सारखींच.

आपल्याकडे २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत नेहमींच्या शब्दांबरोबर 'वीस एक', 'साठ तीन' असें वाचनही दिलें गेलें, तेव्हां केवढा गहजब झाला तो वाचकांना आठवत असेल. विधानसभेंत थट्टा झाली, वर्तमानपत्रांत भाषेच्या नांवानें अश्रु ढाळले गेले. गणित-समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (ह्या विदुषी २०२३ सालीं निवर्तल्या) पुन्हां पुन्हां सांगत होत्या कीं, जुने शब्द काढलेले नाहींत. ज्या मुलांना जोडाक्षरें जड जातात त्यांच्यासाठीं दुसरी वाट दाखविली आहे. त्यांचें ऐकून घेण्यास कोणाला सवड नव्हती. आम्हांलाही नव्हती. एस. टी. स्टँडवरच्या चहाच्या दुकानांत, समोर चहा निवत असतां, मराठी भाषेची ही विटंबना आहे असें आम्हीं मूठ आपटून सांगितल्याचें आम्हांला चांगलें स्मरतें. ज्या पुस्तकाविषयीं बोलत होतों तें आम्हीं पाहिलेलेंही नव्हतें.

आणि गंमत अशी कीं, जन्मभर आम्ही स्वतः काय करीत होतों? संगणक येण्यापूर्वीं बँकेंत दिवसाची बाकी जुळवितांना एकानें आकडे वाचायचे आणि दुसऱ्यानें खूण करावयाची असा प्रघात होता. त्या वेळीं कोणी 'त्रेसष्ट' म्हणत नसे. "सहा तीन" म्हणत. नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशीं हें शिकवीत, कारण 'त्रेसष्ट' म्हटलें कीं रात्रीं कोणीतरी ३६ लिहिणार हें ठरलेलें. फरक आला कीं आम्ही प्रथम त्याला नवांनीं भागून पाहत असूं. नवांनीं नि:शेष भाग गेला कीं समजावें, कोठेंतरी आंकडे उलटले आहेत. ६३ आणि ३६ मधला फरक २७, ७४ आणि ४७ मधलाही २७. कोणतेही दोन अंक उलटे करा, फरक नवाच्या पाढ्यांतच सांपडणार. मार्चअखेरीस रात्रीं अकरा वाजतां असा सत्तावीस रुपयांचा फरक सांपडला म्हणजे ज्यानें चूक केली असेल तो सर्वांना चहा पाजी, आणि आम्ही हंसत घरीं जात असूं. पदवीधर, अनुभवी, चष्मे लावलेलीं माणसें! त्या चुकीबद्दल कोणीं कोणाच्या थोबाडींत मारल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आम्हीं मारली होती. बँकेंत नव्हे, घरीं. १९८४ सालची गोष्ट. आमची मुलगी दुसरींत होती. मार्च महिनाच होता, आम्ही रात्रीं उशिरां आलों होतों, आणि ती झोंपायची थांबून पाटी दाखवावयास बसली होती. आम्हीं अंक घातले. तिनें उलटे लिहिले. दोनदां समजावून सांगितलें, म्हणजे तेंच वाक्य दोनदां मोठ्यानें सांगितलें. तिसऱ्या वेळीं हात उठला. पाटी तिच्या मांडीवरून घसरून फरशीवर पडली. ती रडली नाहीं. तिनें पाटी उचलली, दप्तरांत ठेवली आणि आंत गेली. त्यानंतर गणिताची वही घेऊन ती आमच्यापुढें कधीं आली नाहीं. आईकडे जाई, शेजाऱ्यांकडे जाई. दहावीनंतर तिनें गणित सोडलें. लोक विचारीत तेव्हां आम्ही म्हणत असूं, "तिचा कल भाषेकडे आहे." आहेही तो कल. पण त्या दिवशीं वर्गांत त्या चिमुरडीनें आम्हांला उत्तर दिलें तेव्हां आम्हांस एकच गोष्ट सलत राहिली. आमच्या मुलीलाही नेमकें हेंच उत्तर देतां आलें असतें. तिला तें देण्याइतका धीर आम्हीं ठेवला नव्हता.

छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, असें आपण म्हणतों. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. तेच दोन अंक ६३ मध्यें समोरासमोर येतात. हें आम्हीं शाळेंतून परत आल्यावर वर्तमानपत्राच्या कडेला लिहून पाहिलें, आणि कुटुंबानें विचारलें तेव्हां "कांहीं नाहीं, हिशेब," म्हणून सांगितलें.

बाईंना आम्हीं घडला प्रकार सांगितला. त्यांना त्यांत नवल वाटलें नाहीं. त्यांनीं पाटीवर दोन चौकोन काढले, उजव्यावर 'ए' लिहिलें, डाव्यावर 'द'. मुलीला म्हणाल्या, "जे आधीं ऐकूं येईल ते उजव्या घरांत. मागून येईल ते डाव्या." बस्स. 'त्रेसष्ट' म्हटल्याबरोबर मुलीनें तीन उजव्या घरांत बसविले, सहा डाव्या घरांत, आणि मग काड्यांचे सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या पाटीखालीं मांडून खात्री करून घेतली. पुढें पंधरा दिवसांत चौकोन गेले. अजूनही ती पाटीवर प्रथम उजवीकडचा अंक लिहिते आणि डावीकडे जागा सोडते. तपासणीस आलेले एक साहेब तें पाहून दचकले होते. बाई म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे ना साहेब? हात हळूहळू वळेल." आमच्या मनांत आलें, चाळीस वर्षांपूर्वीं हे दोन चौकोन आम्हांला का सुचले नाहींत? एका खडूचें काम होतें.

दिवाळींत मुलगी पुण्याहून आली. बरोबर नातू. तो इंग्रजी शाळेंत तिसरींत आहे. आम्हीं फुलबाजे आणले त्याची किंमत त्रेसष्ट रुपये म्हणून सांगितली, तर तो म्हणाला, "आजोबा, त्रेसष्ट म्हणजे फिफ्टी थ्री कीं सिक्स्टी थ्री?" म्हणजे उलटें लिहिण्याची भीति त्याला नाहीं, कारण शब्दच उरलेला नाहीं. 'साठ तीन' म्हटलें तेव्हां त्याला लगेच कळलें. चहाच्या दुकानांतली आमची ती मूठ आम्हांला आठवली.

दुपारीं ओसरीवर आम्हीं मुलीला शाळेंतल्या त्या पोरीची हकीगत सांगितली. दुकान सांगितलें, उत्तर सांगितलें, चौकोन सांगितले. आमच्याविषयीं जें सांगावयाचें होतें तें मात्र जिभेवर येऊन थांबलें. ती ऐकत होती. थोड्या वेळानें म्हणाली, "माझ्या पाटीचा डावा कोपरा फुटला होता. चौकटीला आईनं दोरा गुंडाळून दिला होता." पाटीचें नांव आम्हीं काढलेलें नव्हतें. मग तिनें विचारलें, "बाबा, तिथं तुम्ही कुणाला मारत नाहीं ना?"

"नाहीं," आम्हीं सांगितलें. "तेव्हां मारायला नको होतं."

ती कांहीं बोलली नाहीं. आंतून चकल्या तळल्याचा वास येत होता; ती उठली, जातां जातां आमच्या पुढ्यांतला रिकामा कप उचलून घेऊन गेली.

सुटीनंतरच्या मंगळवारीं आम्ही वर्गांत गेलों तेव्हां आमची दुकानदारीण दुसऱ्याच अडचणींत होती. बाईंनीं 'एकोणसत्तर' घातलें होतें. पाटीवर दोन्ही जागा मोकळ्या. "आजोबा, ह्यांत आधीं काय ऐकायचं?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं, माळ खालीं काढली. दोघांनीं मिळून सत्तर मणी मोजले, आणि तिनें आपण होऊनच एक मणी मागें सारला.