घोडीचा लगाम, मनाचा लगाम

शनिवारी दुपारचे तीन वाजले, की महाडच्या बाजारपेठेतील एका किराणा पेढीवरचा तरुण मालक चोपडी मिटतो, गल्ल्याची किल्ली धाकट्या भावाच्या हाती देतो आणि वरंध घाटाच्या रस्त्याला लागतो. घाट चढून भोर आणि भोरहून पुणे. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध बंद असला, तर ताम्हिणीचा वळसा. तो मालाच्या खरेदीसाठी जातो, असे शेजारच्या दुकानदारांना प्रारंभी वाटत असे. वस्तुतः पुण्याबाहेरच्या एका अश्वारोहण शाळेच्या तबेल्यात एक तांबूस घोडी त्याची वाट पाहत असते. निदान तो तरी तसे मानतो. व्यवसायाने व्यापारी आणि हौसेने स्वार असा हा गृहस्थ आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे.

त्याच्या घराण्याचा आणि जनावरांचा संबंध जुना आहे. एके काळी सावित्रीच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत येत. तेथून माल पोलादपूरवरून पार घाटाने वाईकडे चढे. मीठ वर जाई, धान्य आणि गूळ खाली येई, आणि हा सारा भार बैलांच्या व तट्टांच्या पाठीवर असे. त्याचे खापरपणजोबा याच वाटेवर व्यापार करीत. त्यांचा एक नियम घरात अजून सांगितला जातो. पोलादपुरास पहाटे गोणी लादण्यापूर्वी ते प्रत्येक जनावराच्या पाठीवरून स्वतः हात फिरवीत. कोठे कातडी सोलली असेल, सूज असेल, तर त्या दिवशी त्या जनावरावर ओझे नाही. मग माल एक दिवस उशिरा पोहोचला तरी चालेल. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपणाची गणना आहे, हे त्यांनी कोणाकडून ऐकले होते कोण जाणे. पण त्यांच्या हाताला ते ठाऊक होते.

घोड्याची ओढ नातवंडाच्या या नातवंडाला लागली ती पुण्यात महाविद्यालयात शिकत असताना. पुढे पेढी, लग्न, मुले यांत ती मागे पडली आणि तिशी उलटल्यावर पुन्हा जागी झाली. त्याने जो प्रकार निवडला तो अश्वारोहणातील अत्यंत कठीण प्रकारांपैकी एक. त्याला इव्हेंटिंग म्हणतात. एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने तीन परीक्षा द्यायच्या. पहिली ड्रेसाज. आखलेल्या मैदानात चाल, दुडकी, दौड यांचे संथ, रेखीव प्रदर्शन. दुसरी क्रॉस कंट्री. मोकळ्या रानातून ओंडके, चर, पाणी ओलांडीत ठरलेल्या वेळेत पल्ला पुरा करणे. तिसरी शो जंपिंग. हलक्या दांड्यांचे अडथळे एकही दांडी न पाडता पार करणे. पहिलीस संयम लागतो, दुसरीस धैर्य, आणि थकलेल्या अंगाने तिसरीस पुन्हा संयम. येथे स्त्री आणि पुरुष एकाच स्पर्धेत बरोबरीने उतरतात, हे या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य.

भारतास हा खेळ परका नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले आणि सांघिक सुवर्णही भारताकडेच आले. मुंबईचे इम्तियाझ अनीस २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला गेले. त्यानंतर थेट टोकियोमध्ये फवाद मिर्झा यांनी सिन्यूर मेडिकॉट या घोड्यावर देशाचे प्रतिनिधित्व केले. २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण भारताने जिंकले, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्या दिवशी महाडच्या पेढीवर पेढे वाटले गेले, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ड्रेसाज म्हणजे काय ते तेथेच समजले.

आपल्या स्वाराची झेप एवढी मोठी नव्हती. नवशिक्यांच्या गटात, कमरेपेक्षाही कमी उंचीच्या अडथळ्यांवरून नीट पलीकडे जावे, इतकीच त्याची आकांक्षा. अडचण घोडीची होती. ती शर्यतीतून बाद झालेली, थरोब्रेड जातीची. वेगासाठी पैदास झालेले हे जनावर. उभे राहणे त्याला शिकविलेलेच नव्हते. वाऱ्याने कागद हलला तरी ती बाजूला उडे. दुसरा घोडा पुढे गेला, की तोंडाला फेस येईपर्यंत लगाम ओढी. मोतद्दार तिला ‘ठिणगी’ म्हणत. पण यात तिचा दुष्टपणा नव्हता. घोडा हा निसर्गतः भक्ष्य होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि मान न वळविता तो जवळजवळ सभोवार पाहतो. आधी पळावे, मग विचार करावा, याच शहाणपणावर त्याची जात आजवर टिकली आहे.

भयाचे हे व्याकरण स्वाराला अपरिचित नव्हते. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा त्याच्या दुकानातील पोती चिखल झाली होती. त्यानंतर कित्येक महिने पत्र्यावर पावसाची सर वाजली, की तो मध्यरात्री अंथरुणातून उठून बसे. घोडी कागदाला भिई, तो पावसाला. फरक इतकाच, की तिचे भय सर्वांना दिसे आणि त्याचे कोणालाच दिसत नसे.

पहिल्या स्पर्धेत व्हायचे तेच झाले. ड्रेसाजमध्ये घोडी तिरकी चालली. क्रॉस कंट्रीत पाचव्या अडथळ्यावर, एका साध्या ओंडक्यापुढे, ती अडली. पहिल्या नकाराला वीस दंडगुण. कडेला ओळखीचे लोक उभे होते. शाळेतील मुले पाहत होती. त्याचे कान तापले. वळवून पुन्हा आणली, पुन्हा अडली. त्याने चाबूक उचलला आणि मारला. तिसऱ्यांदा ती अडली तेव्हा नियमाप्रमाणे दोघेही बाद झाले. चाबूक त्याने मुभेबाहेर वापरला नव्हता. पंचाच्या कागदावर केवळ तीन नकारांची नोंद होती. खरे तर नियमावलीही रागाने मारलेला फटका अनुचितच ठरविते. पण पंचाला फटका दिसतो, राग दिसत नाही.

रविवारी रात्री तो घरी परतला तेव्हा आजोबांचे प्रतिक्रमण आटोपले होते. नव्वदीच्या घरातील हे वृद्ध गृहस्थ नातवाच्या छंदाविषयी कधी फारसे बोलत नसत. नातवाने जे घडले ते न लपविता सांगितले. आजोबांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला :

“नंतर तिला पाणी पाजलंस?”

तो निरुत्तर झाला. पाणी मोतद्दाराने पाजले असणार. पण त्याने स्वतः वळूनही पाहिले नव्हते. लगाम दुसऱ्याच्या हाती देऊन तो तडक गाडीत जाऊन बसला होता.

“दादाजी, मी हे सोडून देऊ का?” त्याने विचारले.

“सोडशील तर घोडी सुटेल. राग सुटेल का?” आजोबा म्हणाले. “आधी पाच गोष्टी तपास. मग ठरव.”

त्या पाच गोष्टी श्रावकाच्या कानांवरून दर प्रतिक्रमणात जातात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अंगास इजा करणे, शक्तीबाहेर भार लादणे, अन्नपाणी तोडणे. आजवर ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणताना त्याला ही यादी जुन्या काळची, बैलगाडीच्या जमान्यातील वाटे. कारण ज्याच्या दारात जनावरच नाही, त्याला हे दोष कसे लागणार? त्या रात्री प्रत्येक शब्दापुढे त्याला एक तांबूस घोडी उभी दिसली. वध तर घडलाच होता. बंधही होता, दिवसाचे बावीस तास ती चार भिंतींच्या आत उभी असे. पाण्याचा प्रश्न आजोबांनीच विचारला होता. पाच दोषांपैकी तीन, आणि तेही केवळ हौसेपायी. व्यापारात तोटा झाला तर चोपडीत दिसतो; हा तोटा कोठल्याच चोपडीत लिहिलेला नव्हता.

पर्युषणात त्याने व्याख्यानात एक प्रसंग ऐकला. उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात पार्श्वनाथांच्या परंपरेतील केशी मुनी आणि महावीरांचे शिष्य गौतम यांची श्रावस्तीत भेट होते. केशी विचारतात, आपण ज्या उधळणाऱ्या, भयंकर घोड्यावर बसला आहात तो आपणास आडवाटेला कसा नेत नाही? गौतम सांगतात, की मन हाच तो घोडा. श्रुतज्ञानाच्या लगामाने आपण त्यास आवरतो आणि धर्मशिक्षेने तो जातिवंत घोड्यासारखा मार्गावर राहतो. त्याच सूत्राच्या पहिल्या अध्ययनात अडेल घोड्याचा दृष्टांत आहे. शिष्याने वारंवार चाबकाची अपेक्षा करणाऱ्या अशा घोड्यासारखे असू नये, असा त्याचा आशय. उपाश्रयात बसलेल्या दोनशे माणसांसाठी तो दृष्टांत होता. एकासाठी मात्र ते शनिवारचे वर्णन होते. ओंडक्यापुढे अडली होती ती घोडी. उधळले होते ते दुसरेच काही.

आश्चर्य असे, की आधुनिक संशोधनही याच दिशेस बोट दाखविते. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्यास हाताने धरून, तसेच त्यावर बसून, एका ठरलेल्या वाटेने काही फेऱ्या मारायच्या होत्या. शेवटच्या फेरीपूर्वी त्यांना सांगण्यात आले, की या वेळी वाटेत एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना काहीच सांगितलेले नव्हते त्या घोड्यांचेही वाढले. माणसाच्या मनातील न उघडलेल्या छत्रीला घोडा भितो.

मग बदल झाले, ते घोडीपेक्षा घोडीभोवती अधिक. शाळेच्या चालकांशी बोलून त्याने तिला रोज काही तास कुंपणातील मोकळ्या रानात सोडण्याची व्यवस्था केली व तिचा खर्च स्वतः उचलला. चंदी कमी झाली, वैरण वाढली. कारण काम थोडे आणि दाणा फार झाला, की असे जनावर अधिकच पेटते. चाबूक त्याने ठेवून दिला. पोहोचल्याबरोबर खोगीर न घालता तो आधी स्वतः खरारा करू लागला. घरी सकाळचे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक, जे आजवर घड्याळाकडे पाहत होई, ते तो घड्याळ उलटे ठेवून करू लागला. सामायिक स्पर्धा जिंकण्यासाठी नसते, हे त्याला पुरते ठाऊक होते. पण श्वास कोठे अडतो ते तेथे कळते, आणि जेथे स्वाराचा श्वास अडतो तेथेच घोडी मान उचलते, हे त्याला हळूहळू उमगले.

घोड्यावर बसणेच मुळात योग्य का, हा प्रश्न मात्र मिटला नाही. घरातील एका आत्याबाईंनी तो सर्वांसमक्ष विचारलाही. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन घोडा आहे. लांछनावर कोणी बसते का? त्याने वाद घातला नाही. शर्यतीतून बाद झालेल्या जनावराचे पुढे काय होते हे त्याने पाहिले होते, आणि या घोडीचा सांभाळ तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत करण्याचे त्याने मनोमन ठरविले होते. ते उत्तर पुरेसे आहे असे त्याने कधी म्हटले नाही.

पुढल्या हिवाळ्यात दुसरी स्पर्धा आली. ड्रेसाजचे गुण बेताचेच मिळाले. पण घोडी सरळ चालली. क्रॉस कंट्रीत एका पाण्याच्या अडथळ्यापुढे तिने कान टवकारले आणि पावले आखडली. त्याने लगाम घट्ट केला नाही. दीर्घ श्वास सोडला, टाचा किंचित दाबल्या आणि तिला पाहू दिले. एक क्षण, दोन क्षण. आणि ती पाण्यात शिरली. त्या दिवशी एकाही नकाराची नोंद झाली नाही. नवशिक्यांच्या गटात, आयुष्यात प्रथमच, त्याचे नाव वरच्या काही नावांत लागले. शेवटच्या दिवशी शो जंपिंग नीट झाले असते, तर पेढीवरच्या देव्हाऱ्याशेजारी एक रंगीत फीत टांगता आली असती.

त्या सकाळी खोगीर चढविण्यापूर्वी त्याने घोडीच्या पाठीवरून हात फिरविला. डाव्या बाजूस, खोगिराच्या कडेखाली, त्याच्या बोटांना एक मऊसर उंचवटा लागला. दाबताच घोडीचे कातडे थरथरले. जखम नव्हती. लंगडणे नव्हते. मोतद्दार म्हणाला, “साहेब, दोन मिनिटांचं तर काम आहे. खाली जाड कापड घालू, कळायचंही नाही.” आणि ते खरे होते, कोणालाही कळले नसते.

तो काही वेळ हात तसाच ठेवून उभा राहिला. मग पंचांच्या मंडपात जाऊन त्याने आपले नाव मागे घेतले.

परतीच्या वाटेवर वरंध घाटात अंधार पडला. महाडला पोहोचला तेव्हा आजोबा ओट्यावर बसले होते. निकालाविषयी त्यांनी विचारले नाही.

“पाणी?”

“पाजलं, दादाजी. माझ्या हातानं.”

वृद्धाने मान हलविली आणि आत जाऊन जेवून घेण्यास सांगितले.